राजाचा शब्द आणि पार्लमेंटची थैली : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या लेखात मी ३० जानेवारी १६४९ च्या दिवसाबद्दल लिहिलं होतं, म्हणजे इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला याचं भर लंडनमध्ये, त्याच्याच राजवाड्याबाहेर, लोकांसमोर डोकं उडवलं तो दिवस. त्यावर बरेच प्रश्न आले. काही सारखेच होते ते एकत्र केलेत. हा काळ मला मनापासून आवडतो, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : शाळेत आम्ही एवढंच शिकलो की राजा जुलमी होता, पार्लमेंटला लोकशाही हवी होती, म्हणून युद्ध झालं. तुम्ही मात्र सारखं चर्च, बिशप, प्रार्थनेचं पुस्तक असं लिहिता. मग भांडण नक्की कशाचं होतं, पैशाचं का धर्माचं? (नाशिक)

दोन्हीचं, आणि ही दोन टोकं वेगळी काढताच येत नाहीत असं माझं मत आहे. आधी पैसा घेऊ. त्या काळी इंग्लंडच्या राजाकडे मोठी खडी फौज नव्हती, पगारी कलेक्टर-तहसीलदारांची यंत्रणा नव्हती, त्यामुळे नवा टॅक्स लावायचा तर पार्लमेंट बोलवायची आणि तिथे जमलेल्या जमीनदार, वकील, व्यापारी मंडळींकडून तो मंजूर करून घ्यायचा अशी रीत होती. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात ना, तसं पार्लमेंटच्या हातात राजाचं नाक होतं. १६२५ ला चार्ल्स गादीवर आला तेव्हा कॉमन्सनं, म्हणजे खालच्या सभागृहानं, जकातीचं जे उत्पन्न आधीच्या राजांना आयुष्यभरासाठी मिळायचं ते याला फक्त एका वर्षासाठी द्यायचं ठरवलं. राजानं ती जकात मंजुरीशिवायच वसूल करणं चालू ठेवलं. वर स्पेनशी युद्ध, मग फ्रान्सशी युद्ध, दोन्हीकडे फजिती, पैसे संपलेले, म्हणून श्रीमंतांकडून सक्तीचं कर्ज घेतलं आणि जे देईनात त्यांना तुरुंगात टाकलं. १६२८ मध्ये पार्लमेंटनं 'पिटिशन ऑफ राइट' पुढे केली, की मंजुरीशिवाय टॅक्स नाही, कारण न सांगता अटक नाही, लोकांच्या घरात सैनिक ठेवायचे नाहीत, शांततेच्या काळात लष्करी कायदा नाही. राजानं मान्यता दिली आणि मग आपल्याला हवा तसा तिचा अर्थ लावला.

आता २ मार्च १६२९ चा दिवस बघा. राजानं सभागृह तहकूब करायचा हुकूम दिला होता, स्पीकर जॉन फिंच उठायला लागले तर दोन सदस्यांनी त्यांना धरून खुर्चीतच दाबून बसवलं, दार आतून लावून घेतलं, आणि त्यातल्याच एकानं, डेन्झिल होल्सनं, घाईघाईत तीन ठराव म्हणून दाखवले. ठराव काय होते? पहिला, जो कोणी धर्मात नवं काही घुसवेल, इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये कॅथलिक वळणाचं काही आणेल, तो राज्याचा शत्रू. दुसरा, जो मंजुरीशिवाय जकात वसूल करायचा सल्ला देईल तोही शत्रू. तिसरा, जो व्यापारी ती जकात मुकाट्यानं भरेल तोही. म्हणजे धर्म आणि पैसा एकाच कागदावर, एका श्वासात! तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी त्या एका दिवसात सापडतं. त्या माणसांच्या डोक्यात हे वेगळे विषय नव्हतेच, त्यांचं गणित असं होतं की जो राजा न विचारता आपल्या खिशात हात घालतो तो उद्या न विचारता आपल्या चर्चमध्येही हात घालणार.

आणि तसंच झालं. पुढची अकरा वर्षं चार्ल्सनं पार्लमेंट बोलावलीच नाही. पैशासाठी जुने-पुराणे कायदे उकरून काढले. 'शिप मनी' म्हणून एक पट्टी होती, संकटाच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी द्यायची. ती १६३५ मध्ये समुद्र कधी न पाहिलेल्या आतल्या जिल्ह्यांवरही लावली आणि मग दर वर्षी लावत गेला. जॉन हॅम्पडेन नावाच्या श्रीमंत जमीनदारानं आपल्या एका जमिनीवरचे वीस शिलिंग भरायला नकार दिला, त्याच्यासारख्याला वीस शिलिंग म्हणजे काहीच नाही, पण तो तत्त्वासाठी कोर्टात उभा राहिला आणि १६३८ मध्ये हरला. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूनं, पाच विरुद्ध. राजाचेच न्यायाधीश, तरी पाच जण फुटले, ही गोष्ट देशभर चर्चेत गेली. त्याच काळात कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम लॉड चर्चमधलं साधं लाकडी टेबल पूर्वेकडच्या भिंतीला लावून त्याला कठडा घालत होते, वाकणं, वस्त्रं, विधी वाढवत होते, आणि बऱ्याच लोकांना हे सगळं कॅथलिक वळणाचं वाटत होतं. ज्यांनी याविरुद्ध लिहिलं त्यातल्या प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक या तिघांचे १६३७ मध्ये लोकांसमोर कान कापले. एक वकील, एक धर्मगुरू, एक डॉक्टर, तिघेही शिकलेले, प्रतिष्ठित. गर्दी त्यांच्या बाजूनं रडत होती.

शेवटची काडी पडली स्कॉटलंडमध्ये. चार्ल्स तिथलाही राजा होता. त्यानं तिथल्या पार्लमेंटला किंवा चर्चच्या सभेला न विचारता इंग्लिश वळणाचं प्रार्थनेचं पुस्तक लादलं. २३ जुलै १६३७ ला एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला घेतलं आणि दंगल झाली. १६३८ मध्ये स्कॉटिश लोकांनी आपला धर्म राखायच्या करारनाम्यावर सह्या केल्या, मग लढाई, राजाकडे लढायला पैसा नाही, म्हणून एप्रिल १६४० मध्ये झक मारत पार्लमेंट बोलवली, ती तक्रारी मांडायला लागली म्हणून तीन आठवड्यांत मोडली, तेवढ्यात स्कॉटिश सैन्य येऊन न्यूकॅसल घेऊन बसलं आणि तह होईपर्यंत त्यांचाच खर्च, रोजचे ८५० पौंड, राजावर पडला. नोव्हेंबर १६४० ला पुन्हा पार्लमेंट बोलवावी लागली, आणि या वेळी मंडळी उठून जायला तयार नव्हती. एका प्रार्थनेच्या पुस्तकानं तिजोरी रिकामी केली आणि रिकाम्या तिजोरीनं पार्लमेंट आणली. आता यात धर्म कुठे संपतो आणि पैसा कुठे सुरू होतो, सांगा बघू.

लोकशाहीचं म्हणाल तर १६४० मध्ये त्या सभागृहात बसलेल्या एकाच्याही डोक्यात आजच्या अर्थानं लोकशाही नव्हती, आणि राजाला मारायचं तर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

प्रश्न : कॅथलिकांची एवढी भीती का? इंग्लंडमध्ये ते तर मूठभर होते ना? (पुणे, कॉलेजची विद्यार्थिनी)

हो, मूठभरच होते, आणि बहुतेक जण गुपचूप आपापल्या घरात प्रार्थना करून राहणारे. पण भीती शेजारच्या कॅथलिक माणसापेक्षा बाहेरची जास्त होती. १५५० च्या दशकात राणी मेरीनं जवळजवळ तीनशे प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं, ते घराघरात सांगितलं जायचं. १५८८ ला स्पेनचं आरमार आलं. ५ नोव्हेंबर १६०५ ला काही कॅथलिक तरुणांनी पार्लमेंटच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपं भरून राजासकट सगळं उडवून द्यायचा कट केला, तो ऐन वेळी फुटला. १६१८ पासून युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं, तिथून प्रोटेस्टंट गावं बेचिराख झाल्याच्या बातम्या येत होत्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली गत.

आणि अशा वातावरणात राजाची बायको हेन्रिएटा मरिया फ्रान्सची कॅथलिक राजकन्या, राजवाड्यात तिचं स्वतंत्र प्रार्थनाघर, तिथे दरबारातल्या लोकांची ये-जा. चार्ल्स स्वतः कधीच कॅथलिक नव्हता, हे मी ठामपणे सांगतो, तो इंग्लंडच्या चर्चचा अगदी निष्ठावान माणूस होता आणि मरतानाही तसाच मेला. पण लोकांना दिसत काय होतं ते महत्त्वाचं.

प्युरिटन कोण, असंही तुम्ही विचारलंय. हा वेगळा पंथ वगैरे नव्हता, इंग्लंडच्या चर्चमधलेच लोक ज्यांना वाटायचं की सुधारणा अर्धवट राहिलीय, बायबलमध्ये नाही ते सगळं काढून टाका, प्रवचनावर भर द्या, बिशप कमी करा किंवा नकोतच. चार्ल्सचे वडील जेम्स पहिले यांनी १६०४ मध्येच सांगून टाकलं होतं, 'बिशप नाही तर राजा नाही.' त्यांचं तर्कशास्त्र बरोबर होतं, चर्चमध्ये वरून नेमलेला अधिकारी चालत नाही म्हणणारा माणूस राज्यातही तेच म्हणणार.

प्रश्न : राजा स्वतः सैनिक घेऊन पार्लमेंटमध्ये घुसला होता हे खरं का? (कोल्हापूर)

खरं आहे, तारीख ४ जानेवारी १६४२. पण त्याआधी काय झालं ते कळल्याशिवाय यातली गंमत कळत नाही. १६४१ मध्ये चार्ल्सनं पार्लमेंटला जवळजवळ सगळं दिलं होतं. दर तीन वर्षांनी पार्लमेंट भरेल, शिप मनी बेकायदेशीर, ज्या कोर्टानं कान कापले ते बंद, ही पार्लमेंट तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय मोडता येणार नाही, इतकंच काय, आपला सगळ्यात भरवशाचा मंत्री स्ट्रॅफर्ड, त्याच्या मृत्यूच्या कागदावरही सही केली. मग युद्ध का झालं? कारण राजा मनापासून देतोय यावर कोणाचा विश्वास नव्हता, आणि तो राजानं आपल्या वागण्यानंच घालवला होता. ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाला, तिथल्या हजारो प्रोटेस्टंट वसाहतवाल्यांचा जीव गेला, आणि लंडनमध्ये छापलेल्या पत्रकांत तो आकडा कितीतरी पट फुगवून आला. उठाव मोडायला फौज उभी करायची यावर सगळ्यांचं एकमत. पण ती फौज राजाच्या हातात द्यायची का? उद्या ती त्यानं लंडनवरच घातली तर? माझ्या मते युद्धाचं खरं कारण या एका प्रश्नात आहे. त्या हिवाळ्यात राजाच्या सगळ्या चुकांची मोठी यादी कॉमन्सनं मंजूर केली, १५९ विरुद्ध १४८ मतांनी. अकरा मतांचा फरक. म्हणजे देश तेव्हाच दोन भागांत चिरला होता.

तर ४ जानेवारीला चार्ल्स सुमारे चारशे हत्यारबंद माणसं घेऊन आला, ती दाराबाहेर ठेवली, आणि स्वतः आत गेला. त्याला पाच सदस्य हवे होते, पिम, हॅम्पडेन, होल्स, हेझलरिग आणि स्ट्रोड. त्यातला होल्स म्हणजे १६२९ ला स्पीकरना दाबून धरणारा तोच, आणि हॅम्पडेन म्हणजे वीस शिलिंगवाला. पाचही जणांना आधी खबर लागली आणि ते नदीतून होडीनं निसटले. राजानं स्पीकरची खुर्ची मागितली, नजर फिरवली, विचारलं कुठे आहेत ते. स्पीकर विल्यम लेंथॉल तसा काही फार धीट माणूस नव्हता, पण तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला की या जागी मला बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, हे सभागृह सांगेल तेवढंच, मी त्याचा सेवक आहे. राजा म्हणाला, 'पाखरं उडालेली दिसतात,' आणि परत फिरला. सहा दिवसांनी तो लंडन सोडून गेला. परत आला तो सात वर्षांनी, कैदी म्हणून, खटल्याला.

त्या दिवसानंतर आजपर्यंत इंग्लंडच्या एकाही राजा-राणीनं अधिवेशन चालू असताना कॉमन्समध्ये पाऊल टाकलेलं नाही. दर अधिवेशनाच्या उद्घाटनाला राजाचा दूत बोलवायला येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दार आपटून बंद करतात, मग तो तीनदा ठोठावतो, मग उघडतात. आपल्याकडे विधानसभेत 'हक्कभंग' आणला अशी बातमी येते ना, त्या हक्कांचं मूळही इथलंच. आपल्या संविधानाच्या १०५ आणि १९४ कलमांत मुळात स्पष्ट लिहिलं होतं की आमदार-खासदारांचे विशेषाधिकार ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्ससारखे असतील, तो उल्लेख नंतर ४४ व्या घटनादुरुस्तीनं काढला.

प्रश्न : राजावरचा खटला कायद्याला धरून होता का? मी स्वतः वकील आहे, मला तरी तो नाटकच वाटतो. (नागपूर)

वकीलसाहेब, तुमचा मुद्दा मजबूत आहे आणि खुद्द चार्ल्सनं तोच मांडला होता. मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे.

१६४२ ते १६४६ पहिलं युद्ध झालं, नेझबीला १६४५ मध्ये राजाचा निर्णायक पराभव झाला, तो स्कॉटिश सैन्याच्या हवाली झाला, त्यांनी पैसे ठरवून त्याला पार्लमेंटच्या ताब्यात दिलं. पुढे दोन वर्षं 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं' अशी सगळ्यांची अवस्था. तोडगा काढायचा तर राजाशीच काढायचा, कारण राजाशिवाय राज्य कसं असतं हे कोणाला माहीतच नव्हतं. आणि राजा एकाच वेळी पार्लमेंटशी, फौजेशी आणि स्कॉटिशांशी बोलणी करत होता, प्रत्येकाला वेगळं सांगत होता. त्यातून १६४८ मध्ये दुसरं युद्ध पेटलं. फौजेतल्या धार्मिक लोकांना हे असह्य झालं. पहिल्या युद्धात देवानं निकाल दिला होता, आणि या माणसानं देवाचा निकाल न मानता पुन्हा रक्त सांडलं, असा त्यांचा हिशोब होता. ते त्याला 'रक्ताचा माणूस' म्हणायला लागले, बायबलमधला शब्द, म्हणजे ज्याच्यावर रक्ताचं ऋण आहे. इथे पुन्हा धर्मच, बघा. नुसत्या राजकारणातून राजाच्या मानेपर्यंत पोचायची हिंमत त्यांना झाली नसती.

आता कायदा. ६ डिसेंबर १६४८ ला कर्नल प्राइड पार्लमेंटच्या दारात सैनिक घेऊन उभा राहिला आणि राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या शंभराहून जास्त सदस्यांना आत जाऊ दिलं नाही, काहींना अटक केली. उरलेल्या थोड्यांनी, ज्यांना पुढे 'रम्प' म्हणजे शेपटाकडचा उरलेला भाग असं नाव पडलं, खटल्याचा ठराव केला. वरच्या सभागृहानं, म्हणजे लॉर्ड्सनं, तो फेटाळला. मग ४ जानेवारी १६४९ ला यांनी जाहीर केलं की देवाखालोखाल सगळ्या सत्तेचं मूळ जनता आहे आणि जनतेनं निवडलेलं कॉमन्स सर्वोच्च आहे, लॉर्ड्स आणि राजा यांची संमती लागत नाही. ज्या सभागृहाला फौजेनं चाळून घेतलंय त्यानं हे म्हणावं, यात तुम्हाला नाटक दिसत असेल तर मी नाही म्हणणार नाही. १३५ न्यायाधीश नेमले, निम्मे आलेच नाहीत. फौजेचा सरसेनापती फेअरफॅक्स स्वतः गैरहजर, आणि त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याची बायको गॅलरीतून ओरडली की इथे यायचा मूर्खपणा तो करणार नाही.

वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये २० जानेवारीला आरोपपत्र वाचायला सुरुवात झाली तेव्हा चार्ल्सनं सरकारी वकील जॉन कुकच्या खांद्यावर थांब म्हणून काठी टेकवली, काठीची चांदीची मूठ गळून पडली, आणि ती उचलायला कोणीच पुढे आलं नाही. राजानं स्वतः वाकून उचलली. आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक. मग तो एकच गोष्ट विचारत राहिला, की कोणत्या अधिकारानं? कायदेशीर अधिकार दाखवा, मी उत्तर देतो. राजद्रोह म्हणजे राजाविरुद्धचा गुन्हा, १३५१ चा कायदा तसाच होता, मग राजा स्वतःविरुद्ध राजद्रोह कसा करेल? तो म्हणाला की कायद्याशिवायची सत्ता उद्या कोणाच्याही जिवावर उठेल, मी प्रजेच्याही हक्कासाठी बोलतोय. त्याला लहानपणापासून बोलताना अडखळायची सवय, पण त्या दिवसांत तो अडखळला नाही असं सांगतात. गुन्हा कबूल-नाकबूल काहीच न करता तो उभा राहिला, आणि २७ तारखेला शिक्षा सुनावली. मृत्यूच्या हुकमावर ५९ सह्या आहेत.

तरी मी अर्धाच सहमत का? कारण त्याला गुपचूप विष देता आलं असतं. इंग्लंडमध्ये राजे आधीही मारले गेले होते, रात्री, किल्ल्यात, कोणाला कळू न देता, आणि सकाळी 'आजारानं वारले' असं जाहीर व्हायचं. या लोकांनी ते केलं नाही. दार उघडं ठेवलं, लोकांना आत येऊ दिलं, राजाला बोलू दिलं, ते छापूही दिलं, आणि राजा हे पद लोकांनी विश्वासानं सोपवलेलं काम आहे, ते न केल्यास जाब द्यावा लागतो, हे दिवसाढवळ्या मांडलं. त्यांचं कोर्ट बेकायदेशीर होतं, पण त्यांनी मांडलेली गोष्ट खरी होती, आणि हे दोन्ही एकदम मान्य करायला मला काही अडचण वाटत नाही.

मारण्याच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. चार्ल्सनं दोन शर्ट घातले, कारण थंडीनं थरथरलो तर लोक म्हणतील घाबरला. बँक्वेटिंग हाउसच्या ज्या दालनातून त्याला बाहेर नेलं त्याच्या छतावर रुबेन्सनं काढलेलं त्याच्या वडिलांचं स्वर्गारोहणाचं चित्र आहे, ते त्यानंच लावून घेतलं होतं. कुऱ्हाड पडली तेव्हा गर्दीतून असा कण्हण्याचा आवाज आला की तो मला पुन्हा कधी ऐकायला मिळू नये, असं तिथे असलेल्या फिलिप हेन्री नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं लिहून ठेवलंय.

प्रश्न : क्रॉमवेलनं ख्रिसमसवर बंदी घातली होती ना? असा माणूस हिरो कसा? (वसई)

बंदी पार्लमेंटनं घातली, जून १६४७ मध्ये, तेव्हा क्रॉमवेल पार्लमेंटच्या फौजेतला सेनापती होता, राज्यकर्ता नव्हता. कँटरबरीत त्या ख्रिसमसला दंगल झाली, दुकानं उघडी ठेवली म्हणून लोकांनी फोडली. क्रॉमवेल सत्तेवर असतानाही बंदी चालूच राहिली हे खरं.

तो हिरो होता की नव्हता, हे मला एका शब्दात सांगता येत नाही. ज्या माणसानं पार्लमेंटसाठी युद्ध जिंकून दिलं त्यानंच २० एप्रिल १६५३ ला बंदूकधारी आत बोलवून पार्लमेंट हाकलून दिली, म्हणजे चार्ल्सला जे जमलं नाही ते यानं केलं. १६५७ मध्ये त्याला राजमुकुट देऊ केला तो त्यानं नाकारला. १२९० मध्ये इंग्लंडमधून हाकललेल्या ज्यूंना १६५६ मध्ये पुन्हा राहू दिलं ते त्याच्याच काळात, आणि प्रोटेस्टंटांमधल्या नाना पंथांना त्यानं जेवढी मोकळीक दिली तेवढी तेव्हा युरोपात फार कमी ठिकाणी होती. पण आयर्लंडमध्ये १६४९ च्या सप्टेंबरात ड्रॉइडा आणि ऑक्टोबरात वेक्सफर्ड इथे त्याच्या सैन्यानं जी कत्तल केली, शरण आलेले सैनिक, धर्मगुरू, सापडतील ते नागरिक, आणि ते त्यानं देवाचा न्याय म्हणून अभिमानानं कळवलं, त्याला मी माफी देऊ शकत नाही. पुढे आयरिश कॅथलिकांच्या जमिनी काढून घेतल्या त्याचे वळ आजही आहेत.

प्रश्न : याच चार्ल्सच्या मुलाला मुंबई हुंड्यात मिळाली ना? (दादर)

बरोबर, चार्ल्स दुसरा. क्रॉमवेल ३ सप्टेंबर १६५८ ला वारला, त्याच्या मुलाला काही जमेना, फौजेत भांडणं, आणि लोक कंटाळले होते, म्हणून २९ मे १६६० ला, त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, हा लंडनमध्ये परत आला. म्हणजे जन्म १६३० चा, आपल्या शिवाजी महाराजांच्याच वर्षातला. १६६१ च्या तहानुसार पोर्तुगालची कॅथरीन त्याची बायको झाली आणि मुंबई बेट इंग्लंडला मिळालं, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये, आणि १६६८ ला त्यानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

यात मला भावलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या तहात लिहिलंय की मुंबईतल्या रहिवाशांना कॅथलिक धर्म आतापर्यंतसारखाच मोकळेपणानं पाळता येईल. म्हणजे माहीमच्या बाजूला उघडपणे जी मिस्सा (कॅथलिकांची उपासना) चालायची ती त्याच राजाच्या लंडनमध्ये सामान्य कॅथलिकाला कायद्यानं गुन्हा होती! आणि खुद्द इंग्लंडमध्ये १६६२ मध्ये, नवं प्रार्थना पुस्तक शब्दन् शब्द मान्य करत नाहीत म्हणून, सगळे धरून दोन हजारांच्या आसपास प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या नोकऱ्या गेल्या.

प्रश्न : १६८८ ची क्रांती रक्तहीन होती म्हणतात. आणि एवढं सगळं करून शेवटी बदललं काय? (ठाणे)

इंग्लंडपुरती बरीचशी रक्तहीन. आयर्लंडमध्ये नाही, तिथे १६९० ला बॉइन, १६९१ ला ऑग्रिम अशा मोठ्या लढाया झाल्या. स्कॉटलंडमध्येही नाही.

चार्ल्स दुसऱ्याला औरस मूल नव्हतं, गादी भाऊ जेम्सकडे जाणार होती आणि जेम्स उघड कॅथलिक झालेला. १६७९ ते १६८१ त्याला वारसाहक्कातून काढायचे तीन प्रयत्न झाले, जमलं नाही, १६८५ ला तो राजा झाला. लोकांनी सुरुवातीला सहन केलं, कारण त्याच्या दोन्ही मुली प्रोटेस्टंट होत्या आणि तो म्हातारपणाकडे झुकलेला. पण त्यानं कॅथलिक अधिकारी फौजेत घेतले, कायदे आपल्या हुकमानं स्थगित केले, विरोध करणाऱ्या सात बिशपांवर खटला भरला (ज्युरीनं त्यांना निर्दोष सोडलं, लंडनभर शेकोट्या पेटल्या), आणि जून १६८८ ला त्याला मुलगा झाला. आता कॅथलिक राजांची रांगच लागणार. सात मोठ्या लोकांनी जेम्सचा जावई, हॉलंडचा विल्यम, याला पत्र पाठवलं. तो पंधरा हजारांच्या आसपास सैन्य घेऊन ५ नोव्हेंबरला उतरला, तीच तारीख, दारूच्या कटाची! जेम्सचे सेनापती फुटले आणि तो पळाला, पळताना राजमुद्रा थेम्समध्ये टाकून, म्हणजे कोणी पार्लमेंट बोलवू नये. पहिल्यांदा कोळ्यांनी पकडून आणला, दुसऱ्यांदा मुद्दाम पळू दिला. वडिलांसारखा हुतात्मा पुन्हा कोणाला नको होता.

बदललं काय? १६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'मधली बरीच वाक्यं १६२८ च्या पिटिशनसारखीच आहेत, पार्लमेंटशिवाय टॅक्स नाही, खडी फौज नाही, कायदा स्थगित करता येणार नाही, सभागृहातल्या भाषणाबद्दल कोर्टात खेचता येणार नाही. पण १६२८ ला सगळं राजाच्या शब्दावर अवलंबून होतं. १६८९ ला, विल्यमला गादी देताना, त्यांनी शब्दावर काही ठेवलंच नाही. फौजेत शिस्त ठेवायचा कायदाच थोड्या मुदतीचा केला, मग वर्षा-वर्षानं वाढवत राहिले, आणि राजाला आयुष्यभराचं पुरेसं उत्पन्न मुद्दाम दिलं नाही. पार्लमेंट बोलवली नाही तर फौजही नाही आणि पैसाही नाही. तेव्हापासून पार्लमेंट दर वर्षी भरतेच आहे. तीन वर्षांनी भरेल, वेळ मिळाल्यावर भरेल, असं काही नाही. त्याच वर्षी इतर प्रोटेस्टंट पंथांना प्रार्थनेची मोकळीक मिळाली. कॅथलिकांना मिळाली नाही, त्यांना पार्लमेंटमध्ये बसायला १८२९ उजाडलं, आणि इंग्लंडच्या गादीवर कॅथलिक माणूस आजही बसू शकत नाही. कॅथलिकाशी लग्न केलेला मात्र आता चालतो, तो बदल २०१३ च्या कायद्यानं झाला.

प्रश्न : हे सगळं जमीनदार, बिशप, राजे यांचं झालं. साध्या माणसाला कोणी विचारलं का? (सोलापूर)

एकदा विचारलं, आणि तो प्रसंग मला त्या शतकातला सगळ्यात मोठा वाटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर १६४७, लंडनजवळचं पटनी गाव, तिथल्या चर्चमध्ये जिंकलेल्या फौजेची सभा. अधिकारी होते आणि शिपायांनी निवडून दिलेले प्रतिनिधीही होते. प्रश्न असा की मत कोणाला द्यायचं. कर्नल रेन्सबरो म्हणाला की इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरीब माणसालाही मोठ्यातल्या मोठ्या माणसाइतकंच आयुष्य जगायचं आहे, म्हणून ज्याला एखाद्या सरकारच्या हाताखाली राहायचंय त्यानं आधी स्वतःच्या संमतीनं त्याच्या हाताखाली जायला हवं. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला, ज्याची या राज्यात जमीन-मालमत्ता नाही त्याला मत दिलं तर उद्या तो मालमत्ताच वाटून मागेल. एक शिपाई, सेक्सबी, चिडून म्हणाला की मग आम्ही जीव कशासाठी घातला, आम्ही तर भाड्याचे सैनिकच झालो. सभा निकालाविना संपली, रेन्सबरोला पुढच्याच वर्षी राजाच्या माणसांनी मारलं.

बायकांना तर तेवढंही नाही. १६४९ मध्ये शेकडो बायका कैद्यांच्या सुटकेसाठी अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारात गेल्या तर त्यांना सांगितलं, घरी जा आणि भांडी घासा. त्या मे महिन्यात दुसरा अर्ज घेऊन परत आल्या, आणि त्यात विचारलं की पिटिशन ऑफ राइटमध्ये जे हक्क आहेत त्यात पुरुषांइतकाच आमचाही वाटा नाही का.

पटनीचं बोलणं आपल्याला शब्दशः कळतं कारण विल्यम क्लार्क नावाचा फौजेचा कारकून ते शॉर्टहँडमध्ये उतरून घेत होता. त्याचे कागद ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजच्या लायब्ररीत पडून होते, ते पहिल्यांदा छापले गेले १८९१ मध्ये.